आंतरराष्ट्रीय रग्बीत मैदानाबाहेर काढलेला पहिला खेळाडू : सिरिल ब्राऊनलीचं नेमकं काय चुकलं होतं?

३ जानेवारी १९२५. लंडनचं ट्विकेनहॅम मैदान खचाखच भरलंय. ६० हजारांच्या आसपास प्रेक्षक आहेत आणि त्यात खुद्द ब्रिटनचा युवराज, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सही आहे. समोर इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड.

सामना सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं होतायत, तोच रेफरी शिट्टी वाजवून खेळ थांबवतो. न्यूझीलंडच्या एका धिप्पाड फॉरवर्डला तो मैदान सोडायला सांगतो. उरलेला सगळा सामना न्यूझीलंडला १४ खेळाडूंवर खेळावा लागणार असतो.

आंतरराष्ट्रीय रग्बीत तोवर असं कधीच घडलं नव्हतं. हा खेळ सुरू होऊन अर्धशतक उलटून गेलं होतं. मारामाऱ्या होत होत्या, हाडं मोडत होती, पण देशाकडून खेळणाऱ्या खेळाडूला रेफरीने हाकलून दिल्याचं एकही उदाहरण नव्हतं.

त्या खेळाडूचं नाव सिरिल ब्राऊनली. त्या निर्णयाला १०० वर्षं उलटून गेली, तरी तो बरोबर होता की चूक यावर अजूनही एकमत नाही. आज रग्बीत व्हिडिओ रेफरी आहेत, शिस्तपालन समित्या आहेत, अपील करायची सोय आहे. हे सगळं का लागलं, ते ब्राऊनलीच्या गोष्टीतून नीट कळतं.

तीन भाऊ, तिघंही ऑल ब्लॅक

सिरिलचा जन्म ६ ऑगस्ट १८९५ चा, न्यूझीलंडच्या व्हांगानुईतला. घरचा व्यवसाय शेती आणि मेंढ्यांचा. ब्राऊनली कुटुंबाचं नाव पुढे जोडलं गेलं ते हॉक्स बे या भागाशी. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा त्याच्या पिढीतली हजारो पोरं सैन्यात गेली, त्यात सिरिलही होता. रग्बीतली त्याची खरी वर्षं युद्धानंतरची.

सहा फुटांहून जास्त उंची आणि ९५ किलोच्या आसपास वजन. आजच्या रग्बीत हे आकडे साधे वाटतील, पण त्या काळात एवढा मोठा माणूस मैदानात उतरला की समोरच्याला धडकी भरायची. त्याच्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान असलेला मॉरिस आणि सगळ्यात धाकटा लॉरी हे दोघेही रग्बीपटू. तिघंही भाऊ न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, म्हणजे ऑल ब्लॅक्सकडून खेळले.

न्यूझीलंडमध्ये रॅनफर्ली शील्ड नावाची स्पर्धा आहे. ज्याच्याकडे ढाल आहे त्याला आव्हान द्यायचं आणि हरवून ती घेऊन जायची, असा तिचा साधा हिशोब. हॉक्स बेने १९२२ मध्ये ही ढाल जिंकली आणि १९२७ पर्यंत कोणाला नेऊ दिली नाही. त्या दबदब्यात ब्राऊनली भावांचा मोठा वाटा होता.

मॉरिस हा त्या काळातला जगातला सर्वोत्तम फॉरवर्ड मानला जायचा. सिरिल त्याच्या सावलीत राहिला असं म्हणता येईल. त्याचं नाव जगभर झालं, ते मात्र नको त्या कारणाने.

एका पराभवाचं २० वर्षं जुनं ओझं

१९२४ मध्ये न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक जुनं ओझं होतं.

१९०५ च्या दौऱ्यात न्यूझीलंडने ३५ पैकी ३४ सामने जिंकले होते. हरले तो एकच, १६ डिसेंबर १९०५ ला कार्डिफमध्ये वेल्सकडून, ०-३ ने. त्या सामन्यात बॉब डीन्स नावाच्या खेळाडूने आपण गोललाइनच्या पलीकडे चेंडू टेकवला, म्हणजे ट्राय केली, असा दावा केला. वेल्सचं म्हणणं होतं की तो रेषेच्या अलीकडेच पडला. रेफरी जॉन डॅलस रोजच्या साध्या कपड्यांत सामना चालवत होते आणि ते खेळाच्या मागे पडले होते, असं न्यूझीलंडकरांचं म्हणणं. डॅलस यांनी ट्राय दिली नाही. डीन्स १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी वारला. वाद मात्र जिवंत राहिला.

म्हणजे न्यूझीलंडच्या घराघरात एक समज पक्का झाला होता. ब्रिटनमध्ये जिंकायचं तर समोरच्या संघाला हरवून भागत नाही, रेफरीचा निकालही आपल्या बाजूने लागावा लागतो.

दुसऱ्या बाजूलाही तक्रार होतीच. न्यूझीलंडचा संघ स्क्रममध्ये आठऐवजी सात खेळाडू लावायचा आणि आठव्याला विंग-फॉरवर्ड म्हणून बाहेर मोकळा ठेवायचा. तो स्क्रममध्ये चेंडू टाकायचा आणि मग आपल्या हाफबॅकसमोर आडवा उभा राहायचा. ब्रिटिशांच्या मते ही सरळसरळ आडकाठी होती. न्यूझीलंडच्या मते हे डोकं लावून खेळणं होतं. नियम एकच, पण वाचणारे दोन, त्यामुळे या जागी सतत शिट्टी वाजायची. १९३२ मध्ये न्यूझीलंडला ही पद्धत सोडावी लागली.

थोडक्यात, ट्विकेनहॅमच्या सामन्याआधीच दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने बघत होत्या.

त्या दिवशी नक्की काय झालं?

३ जानेवारीच्या सामन्यापर्यंत न्यूझीलंडने ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये एकही सामना गमावला नव्हता. आता तिथला शेवटचा सामना होता. समोर वेव्हल वेकफील्डचा इंग्लंड, ज्याने १९२१, १९२३ आणि १९२४ अशा तीन वर्षी युरोपातले सगळे सामने जिंकून ग्रँड स्लॅम केलं होतं. न्यूझीलंडचा नेहमीचा कर्णधार क्लिफ पोर्टर त्या दिवशी संघात नव्हता. नेतृत्व जॉक रिचर्डसनकडे होतं.

रेफरी होते वेल्सचे अल्बर्ट फ्रीथी. पेशाने शिक्षक. त्या काळातल्या सर्वोत्तम रेफरींपैकी एक. आदल्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिका विरुद्ध फ्रान्स हा रग्बीचा अंतिम सामना त्यांनीच सांभाळला होता, आणि तिथे स्वतःचा संघ हरतोय म्हणून प्रेक्षक अंगावर यायच्या बेतात होते. असला माणूस दडपणाला भिऊन किंवा घाईत निर्णय देईल, असं म्हणणं अवघड आहे.

सामना सुरू झाला तो धुसफुशीनेच. पहिल्या काही मिनिटांत दोन्ही संघांच्या फॉरवर्डमध्ये हाणामारी झाली. फ्रीथींनी समज दिली. पुन्हा तेच. पुन्हा समज. फ्रीथींच्या सांगण्यानुसार त्यांनी दोन्ही संघांना मिळून तीनदा ताकीद दिली होती, आणि आता जो सापडेल तो बाहेर जाईल हे स्पष्ट केलं होतं.

त्यानंतर सापडला तो सिरिल ब्राऊनली. जमिनीवर पडलेल्या इंग्लंडच्या एका खेळाडूला त्याने मुद्दाम लाथ मारली, आणि ते आपण स्वतः पाहिलं, असं फ्रीथींचं म्हणणं होतं. न्यूझीलंडच्या खेळाडूंचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते सिरिलने तसं काही केलंच नव्हतं, आणि कुरापत इंग्लंडच्या बाजूने काढली गेली होती.

सिरिल निमूटपणे बाहेर गेला.

मध्यंतरात युवराजाने ब्राऊनलीला परत खेळू द्यावं असं सुचवलं होतं, आणि त्याला नकार मिळाला, असा किस्सा पुढे सांगितला जाऊ लागला. किस्सा खरा मानला, तर त्या दिवशी मैदानावर राजपुत्राचाही शब्द चालला नाही. रेफरीच्या अधिकाराची ताकद किती होती, ते त्यावरून कळतं.

न्यूझीलंडने १४ खेळाडूंवर तो सामना १७-११ ने जिंकला. चार ट्राय झाल्या, त्यातली एक मॉरिस ब्राऊनलीची. भावाला बाहेर काढल्यावर तो ज्या त्वेषाने खेळला, त्याच्या गोष्टी न्यूझीलंडमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. पुढे फ्रान्स आणि कॅनडातले सामनेही जिंकून हा संघ ३२ पैकी ३२ विजय घेऊन घरी परतला. इतिहासात त्यांचं नाव पडलं इन्व्हिन्सिबल्स, म्हणजे अजिंक्य.

निर्णय चूक होता का?

इथे दोन प्रश्न आहेत आणि गेली १०० वर्षं त्यांची गल्लत होत आलीये.

पहिला प्रश्न, सिरिलने लाथ मारली का? याचं उत्तर आता मिळणं शक्य नाही. रिप्ले नव्हता. सहायक रेफरी नव्हते. टच जज असायचे, पण त्यांचं काम मुख्यतः चेंडू रेषेबाहेर गेला का ते बघणं. फ्रीथींनी जे पाहिलं ते पाहिलं. नियमानुसार मैदानावर काय घडलं हे ठरवणारा एकच माणूस होता, रेफरी.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. निर्णय ज्या पद्धतीने झाला, ती पद्धत न्याय्य होती का?

फ्रीथींनी दिलेली ताकीद सगळ्यांना मिळून होती. म्हणजे तीन वेळा गैरवर्तन करणारे वेगवेगळे असू शकतात, आणि चौथ्या वेळी पहिल्यांदाच चुकलेला माणूस बाहेर जाऊ शकतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातला प्रकार. दुसऱ्या बाजूने विचार केला तर रेफरी तरी काय करणार? त्याच्या हातात दोनच गोष्टी होत्या. तोंडी समज द्यायची, नाहीतर थेट हाकलायचं. अधलंमधलं काहीच नव्हतं. पिवळं कार्ड नाही, दहा मिनिटांची शिक्षा नाही, व्हिडिओवर पुन्हा बघायची सोय नाही. समज देऊनही मारामारी थांबत नसेल, तर एखाद्या खेळाडूचा मणका मोडेपर्यंत वाट बघायची का?

त्यामुळे फ्रीथींना खलनायक करणं सोपं असलं तरी योग्य नाही. माणूस प्रामाणिक होता, नियमाच्या चौकटीत वागला. न्यूझीलंडच्या बाजूने नाराजी व्यक्त झाली, पण निर्णय होता तसाच राहिला. मैदानावर दिसलेल्या एका क्षणाची नंतर शांत डोक्याने, दोन्ही बाजू ऐकून, पुरावा समोर ठेवून शहानिशा करेल अशी आजच्यासारखी त्रयस्थ समितीच तेव्हा नव्हती. खोट होती ती इथे.

पुढचं आयुष्य

गंमत म्हणजे सिरिलच्या करिअरला याने पूर्णविराम बसला नाही. १८ जानेवारीला, म्हणजे अवघ्या १५ दिवसांनी, तो तुलूझमध्ये फ्रान्सविरुद्ध खेळला. त्याच्याच बोर्डाने त्याला वाळीत टाकलं नाही, हे यातून दिसतं.

१९२८ मध्ये न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला गेला. कर्णधार होता मॉरिस, आणि सिरिलही संघात होता. या दौऱ्यात एक वेगळाच अन्याय झाला. इन्व्हिन्सिबल्सच्या दौऱ्यातले सगळे ३२ सामने खेळलेला जॉर्ज नेपिया या संघात नव्हता. तो माओरी होता, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदापुढे मान तुकवून न्यूझीलंडने माओरी खेळाडूंना घरीच ठेवलं होतं. सिरिलच्या बाबतीत निदान एक रेफरी होता, एक आरोप होता. नेपियाला तर चूक काय तेही सांगायची गरज कोणाला वाटली नाही.

सिरिल ऑल ब्लॅक्सकडून एकूण ३१ सामने खेळला, त्यातले तीन आंतरराष्ट्रीय कसोटी सामने. त्यानंतर तो शेतीकडे वळला. १९५४ मध्ये वाइरोआ इथे, वयाच्या ५८ व्या वर्षी त्याचं निधन झालं. तीन वर्षांनी मॉरिसही गेला.

त्याच्यानंतर रग्बी किती बदललं?

न्यूझीलंडचा दुसरा खेळाडू कसोटीत बाहेर काढला जायला ४२ वर्षं लागली. २ डिसेंबर १९६७ ला एडिनबरामध्ये स्कॉटलंडविरुद्ध कॉलिन मीड्स या दिग्गजाला आयर्लंडचे रेफरी केविन केलेहर यांनी बाहेर काढलं. मीड्सने चेंडूच्या दिशेने पाय मारला होता, पण चेंडू स्कॉटलंडच्या खेळाडूच्या हाताशी होता. आधी एकदा ताकीद मिळालेली असल्याने त्याला जावं लागलं. शिवाय दोन सामन्यांची बंदी आली. तेव्हाही असंच बोललं गेलं की मीड्सला त्या क्षणापेक्षा त्याच्या दांडगेपणाच्या लौकिकाची शिक्षा झाली.

आज चित्र वेगळं आहे. एखाद्याने समोरच्याच्या डोक्याला धोका होईल असा टॅकल केला, तर रेफरी आधी पिवळं कार्ड देऊन त्याला दहा मिनिटं बाहेर बसवू शकतो. तेवढ्या वेळात बंकर नावाच्या कक्षात बसलेला अधिकारी सगळ्या कोनांतून व्हिडिओ बघतो, आणि गरज पडली तर पिवळ्याचं लाल होतं.

लाल कार्डनंतर गोष्ट तिथेच संपत नाही. काही दिवसांत स्वतंत्र शिस्तपालन समितीपुढे सुनावणी होते. समितीवर साधारण तीन जण असतात, त्यात कायद्याचे जाणकार आणि माजी खेळाडू असतात. खेळाडू वकील घेऊन येऊ शकतो आणि आपली बाजू मांडू शकतो. गुन्हा किती गंभीर, यावरून खालची, मधली किंवा वरची अशी शिक्षेची पायरी ठरते. खेळाडूचा पूर्वीचा लौकिक स्वच्छ असेल आणि त्याने चूक मान्य केली असेल, तर त्यातून निम्म्यापर्यंत सूट मिळू शकते. निकाल पटला नाही तर अपील आहे.

सिरिल ब्राऊनलीला यातलं काहीही मिळालं नव्हतं.

मग आता वाद संपले का? अजिबात नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेल याला वेल्सविरुद्धच्या टॅकलसाठी पिवळं कार्ड मिळालं, आणि बंकरने ते लाल केलं. पुढे शिस्तपालन समितीने ते लाल कार्ड रद्द केलं. त्यावर इतका गदारोळ झाला की खुद्द वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने आपल्याच व्यवस्थेतल्या निकालाविरुद्ध अपील केलं, आणि शेवटी फॅरेलवर चार सामन्यांची बंदी आली. टॅकल एकच होता, व्हिडिओही तोच होता, पण निकाल तीनदा फिरला.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला पॅरिसजवळ वर्ल्ड कपची फायनल झाली. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचं पिवळं कार्ड बंकरने लाल केलं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये लाल कार्ड मिळालेला तो पहिलाच. दुसऱ्या सत्रात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचं डोक्याच्या धडकेसाठीचं पिवळं कार्ड मात्र पिवळंच राहिलं. धडकेचा जोर आणि परिस्थिती वेगळी होती, असं त्यामागचं कारण. न्यूझीलंडच्या चाहत्यांना ते पटलं नाही. सामना न्यूझीलंडने ११-१२ असा एका गुणाने गमावला.

म्हणजे कॅमेरे आले, समित्या आल्या, तरी दोन माणसं एकच घटना दोन तऱ्हेने पाहतात, हे काही बदललेलं नाही. बदललं ते एवढंच की आज निर्णयामागचं कारण सांगावं लागतं. फॅरेलच्या प्रकरणात समिती चुकली असं ज्यांना वाटलं, त्यांना ती नेमकी कुठे चुकली हे बोट ठेवून दाखवता आलं. केनला बाहेर का पाठवलं आणि कोलिसीला का नाही, यावर वाद घालायला निदान फूटेज आणि नियमाची भाषा दोन्ही उपलब्ध आहेत. ब्राऊनलीच्या बाबतीत वाद घालायला होता तो एका प्रामाणिक रेफरीचा शब्द आणि एका खेळाडूचा नकार.

आता या गोष्टीतला शेवटचा योगायोग.

फ्रीथींनी त्या दिवशी वाजवलेली शिट्टी जपून ठेवली गेलीये. ही तीच शिट्टी, जी १९०५ मध्ये गिल इव्हान्स या वेल्सच्या रेफरीने इंग्लंड-न्यूझीलंड सामन्यात आणि १९२४ मध्ये फ्रीथींनी ऑलिंपिक फायनलमध्ये वापरली होती. आता ती न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या रग्बी म्युझियमकडे आहे. दर चार वर्षांनी तिला तिथून बाहेर काढतात, आणि पुरुषांच्या रग्बी वर्ल्ड कपचा पहिला सामना तिच्याच आवाजाने सुरू होतो.

ज्या शिट्टीने सिरिल ब्राऊनलीला बाहेर काढलं, ती त्याच्याच देशाने सांभाळून ठेवलीये.